‘बास’ म्हटल्यानंतरची जवारी

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मला आधी रागच येतो. विचारणाऱ्याला दोन वाक्यांत उत्तर हवं असतं आणि तिसऱ्या वाक्याला तो मोबाइल काढतो. एका लग्नात एका काकूंनी तर विचारलं, "लेसर म्हणजे चेहऱ्यावरचे केस काढतात ते का गं?" मी म्हटलं, "हो, तेच." काय करणार? परदेशातल्या एका प्रयोगशाळेत मी मुक्त इलेक्ट्रॉन लेसरवर मान मोडून काम करते. त्यातही माझं काम हार्मोनिकवर, म्हणजे प्रकाशाच्या मूळ सुरावर तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे जे सूर निघतात त्यांच्यावर. हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. शाळा चौथीपर्यंत झालेली, मिरजेत तंबोरे करायचे. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांचं शेवटचं वर्ष माझ्यामुळं नासलं, हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही.

आम्ही साताऱ्याच्या पूर्वेकडचे, माणदेशातले. वडिलांची मेंढरं होती. दिवाळी झाली की ती घेऊन ते उसाच्या मुलखात, पलूसकडं उतरायचे, आणि कोकरं विकायला लोणंदच्या बाजाराला जायचे. कॉलेजचं तोंड बघितलेली घरातली मी पहिली. सांगलीत प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. मग वडिलांच्या ओळखीच्या एका रिटायर फौजीनं मिरजेतली एक खोली दाखवली. खाली तंबोऱ्यांचं दुकान, मागं चाचांचं घर, वर मी. सकाळी सिटी बसनं सांगली, दुपारी परत मिरज. पाच वर्षं मी तिथं काढली आणि पाच वर्षं चाचीच्या हातचं जेवले.

पहिल्याच महिन्यात मी भांडायला खाली उतरले होते. दिवसभर खाली तारा टणटण वाजायच्या आणि माझं गणित वर अडून बसायचं. मी दारातूनच म्हणाले, "चाचा, जरा हळू वाजवा की. माझी परीक्षा हाय." चाचांनी मान वर केली. "ये, हितं टेक," म्हणाले. मांडीवरच्या तंबोऱ्याची एक तार त्यांनी छेडली. "किती सूर आलं?"

"एकच की."

"नीट ऐक."

चौथ्या-पाचव्या वेळेला मला त्या एका सुरात आणखी एक सूर ऐकू आला. मग त्याच्याही वर आणखी एक. चाचा म्हणाले, "तिसरा त्यो पंचम. पाचवा गंधार. सातवा बी हाय, पर त्यो कुणाचाच न्हाई, त्याला आमच्यात नाव न्हाई." तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. ती वरून सपाट दिसते, पण तिला डोळ्याला न दिसणारा उतार असतो. तार हलताना त्या उताराला घासते आणि त्या घासण्यातून वरचे सूर जागे होतात. कानशीनं तो उतार काढायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. कानस एक हात जास्त चालली की तंबोरा बोद, म्हणजे मुका झाला. भांडण राहिलं बाजूला, मी तिथंच तासभर बसले.

त्या दुकानाचा एक रिवाज होता. भोपळा कुणीही घासावा, खुंट्या कुणीही बसवाव्यात, पण जवारी घरातल्या थोरल्यानंच काढायची. त्यानं कान लावून "बास" म्हटलं आणि कानस खाली ठेवली, की त्यानंतर त्या घोडीला कुणी हात लावायचा नाही. चाचांच्या वडिलांच्या हयातीत चाचांनी लावला नव्हता. आता चाचांच्या हयातीत त्यांचा मुलगा लावत नव्हता. त्याला मी भाई म्हणायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कामाला वाघ, बोलायला मुका.

मी तोंडाची फटकळ. एकदा चाचांनी "बास" म्हटल्यावर मला विचारलं, "कसा हाय गं?" आणि मी पटकन बोलून गेले, "मधल्या तारा ब्येस हायत. खर्ज झोपलाय." भाईनं तर डोळेच मिटले. चाचांनी परत तार छेडली, ऐकली, आणि खो खो हसत सुटले. "झोपलाय की खरंच!" तिथून पुढं, मी घरात असले की प्रत्येक तंबोरा तयार झाल्यावर ते जिन्याखालून मला हाक मारायचे. मी आवडला तर आवडला म्हणायची, नाही तर नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मी पुढं परदेशी गेले आणि नेमकी हार्मोनिकमध्येच जाऊन पडले. पहिल्या सुट्टीत आले तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून चाचांना सगळं सांगितलं. एक लांब नळी, आतली हवा काढून टाकलेली. तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, जवळजवळ प्रकाशाच्याच वेगानं. दोन्ही अंगांना चुंबकांच्या रांगा, एक उत्तर, एक दक्षिण, परत उत्तर. त्यांच्यामधून जाताना इलेक्ट्रॉन नागमोडी जातात आणि प्रत्येक वळणाला प्रकाश टाकतात. चुंबक मवाळ असले तर एकच सूर निघतो. कडक केले की ते हेलकावे साधे राहत नाहीत, आणि मग मूळ सुराबरोबर तिसरा, पाचवा, सातवाही निघतो.

"मंजे घोडीचा उतार," चाचा म्हणाले.

"तेच की, चाचा! तेच!"

"आन् ते इलेक्ट्रॉन एका तालात कसं चालत्यात? लाखानं असतील की."

हा प्रश्न मला माझ्या परीक्षकांनीही इतका नीट विचारला नव्हता. मी म्हणाले, सुरुवातीला ते चालतच नाहीत तालात, रानात पांगलेल्या मेंढरांगत असतात. म्हणून आधी बाहेरून एक साधा लेसर त्यांच्यावर सोडायचा. त्यानं त्यांचे बारीक बारीक थर होतात. मग पुढचे चुंबक वरच्या सुरावर लावून ठेवायचे. थर जमलेले इलेक्ट्रॉन तिथं पोचले की सगळे मिळून तो वरचा सूर देतात, आणि असा मोठ्यानं देतात की बास. सातव्यापर्यंत जायचं आमचं चाललंय, अजून जमलेलं नाही. चाचा म्हणाले, "सातवा आला की मला फोन कर."

दर वर्षी मी पंधरा दिवसांसाठी यायची. आठ दिवस गावी, आठवडा मिरजेत. त्या हिवाळ्यात आले ती लॅपटॉप आणि चांगला मायक्रोफोन घेऊनच. तंबोऱ्याचे सूर मोजावेत असं कधीपासून मनात होतं. चाचाही खूश झाले. "बघू दे तरी तुझं यंत्र काय म्हणतंय." संध्याकाळच्या नमाजाआधी त्यांनी एका तंबोऱ्याची जवारी काढली, "बास" म्हटलं, आणि मी लगेच चारी तारांचं रेकॉर्डिंग केलं. पडद्यावर प्रत्येक सुराचा एक उभा खांब येतो. खालचे खांब उंच आणि ठसठशीत होते, विसाव्याच्या पुढचे मात्र अगदीच खुरटलेले.

मला खरं तर तिथंच कळायला हवं होतं. चाची हल्ली जेवायला हाक मारताना ओरडायची, आणि मला वाटलं होतं, वयानं चिडकी झाली. रस्त्यावरून येणाऱ्या रिक्षाला चाचा आडवे गेले, भाईनं दंडाला धरून मागं ओढलं, तरी मी समजले त्यांचं लक्ष नव्हतं. लोक म्हणतात शास्त्रज्ञांना बारीक दिसतं. मला डोंबलाचं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच तंबोऱ्याचं परत रेकॉर्डिंग केलं. आमच्या प्रयोगशाळेत तसा शिरस्ताच आहे. चुंबक लावले की लगेच मोजायचं आणि रात्र गेल्यावर परत मोजायचं, कारण रात्रीत लोखंड गार होऊन जागेवर बसतं आणि वरचे सूर पुष्कळदा आपोआप सुधारतात. इथंही तेच झालं होतं. विसाव्याच्या वरचे खांब चांगले वर आले होते. मी हरखले. दुसरा तंबोरा, तिसरा तंबोरा, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजत बसले. तिन्हींत तेच. संध्याकाळी वरचे सूर मुके, सकाळी बोलते. मला वाटलं, हाड रात्रीत तारेच्या दाबानं बसतंय. हे कुणी आजवर मोजलेलं नाही आणि आपल्याला सापडलंय, या कल्पनेनं मला नीट झोप लागेना.

चौथ्या दिवशी सकाळी चाचा दुकानात आल्या आल्या मी लॅपटॉप त्यांच्यापुढं केला. भाई तारा गुंडाळत होता. त्यानं पडद्याकडं एकदा बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "ताई, आधी च्या घ्या," तो म्हणाला. "नंतर घेते," म्हणाले. "ताई, जरा आत या, अम्मी बोलावतीया." चाचीनं हाक मारलेलीच नव्हती. मी त्याला हातानंच गप्प केलं. माझ्या अंगात आलं होतं ना!

"चाचा, हे बघा. हे तुमी बास म्हटल्यावरचं, आणि हे सकाळचं. तीन तंबोऱ्यांचं, तिन्हींत सारखंच. तुमची जवारी रात्रीत सुधारती!"

चाचांनी दोन्ही चित्रं बघितली. त्यांना ती वाचता येत होती, मीच शिकवलं होतं. मग त्यांनी त्यातला एक तंबोरा उचलला, दारात उन्हात नेला आणि घोडी डोळ्याजवळ धरून तिरकी तिरकी करून बघितली. चाचा डावरे होते. त्यांच्या कानशीच्या रेघा एका अंगाला कलायच्या. त्यांच्यावरून उलट्या अंगाच्या बारीक रेघा गेल्या होत्या. त्या मीही बघितल्या. भाई उजव्या हाताचा.

"हाड काय रात्रीत वाढतंय व्हय?" चाचा हळूच म्हणाले. मग मुलाकडं वळून विचारलं, "कवापासनं?"

भाईच्या हातातली तारेची गुंडाळी सुटली. "चार वर्सं झाली, अब्बा."

"रोज?"

"तुमी नमाजाला गेल्यावर."

चाचांनी तंबोरा जागेवर ठेवला, कानस उचलून मुलाच्या गादीवर ठेवली आणि चपला घालून बाहेर पडले. चार वर्षांत किती गवयांनी त्यांचे हात हातात घेतले असतील! किती जणांनी म्हटलं असेल, चाचा, तुमच्या जवारीला तोड नाही. ते सगळं त्यांच्या मनात एका दमात उलटं झालं असणार.

मी आत गेले. चाची चुलीपुढं बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तुला डोळं हायत का गं पोरी? का नुसतं यंत्रच हाय?" मग डोळ्यांना पदर लावून सांगत राहिली. चार वर्षांमागं एका गाणाऱ्या बाईंचा तंबोरा परत आला होता, बोलत नाही म्हणून. भाईनं चाचांच्या नकळत वरच्या वर नीट करून दिला. त्याला तेव्हाच कळलं, अब्बांना वरचं ऐकू येत नाही. रिवाज मोडल्याचं त्याला इतकं लागलं की दोन दिवस जेवला नाही. पण हे बापाला सांगण्यापेक्षा रिवाज मोडलेला बरा, असं मायलेकांनी मिळून ठरवलं. शेजारच्या दुकानदारांनाही माहीत होतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी दोघा-चौघांनाही माहीत होतं. "सगळी गल्ली गप ऱ्हायली," चाची म्हणाली, "आन् तू, आमच्या ताटात जेवल्याली, तू बोललीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही वाईट हेतूनं केलं नव्हतं, असं म्हणणार होते, पण ते कुणाला ऐकायचं होतं? माझं मलाच ऐकवत नव्हतं.

दोन दिवस चाचा दुकानात आले नाहीत. भाई एकटाच बसायचा, कानस तशीच गादीवर, तिला हात न लावता. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. मी तिथं राहायची त्या पाच वर्षांतही चाचा वर माझ्या खोलीत कधी आले नव्हते. आत येऊन खुर्चीवर बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "तुझं यंत्र लाव. मला कुठवर ऐकू येतंय ते बघ. एकेक सूर लाव आन् मला सांग."

"चाचा, राहू दे की आता."

"लाव म्हंतो न्हवं?"

मी त्यांच्या कानांना हेडफोन लावला. म्हणाले, "ऐकू आलं की बोट वर करा." षड्ज लावला, बोट वर. तिसरा, पाचवा, सातवा. सातव्याला ते जरा हसलेसुद्धा. दहावा, बारावा. पंधराव्यापासून बोट उशिरा वर जायला लागलं. अठराव्याला ते कपाळाला आठ्या घालून, पुढं वाकून ऐकत राहिले आणि बऱ्याच वेळानं बोट वर गेलं. विसाव्याला गेलंच नाही. बाविसाव्याला नाही. मी आवाज वाढवला, तरी नाही. चाचांचा हात गुडघ्यावर पडून होता आणि ते माझ्याकडं बघत होते. मला ते बघवेना. मी कीबोर्डवरचं बोट काढून घेतलं. बंदच करते आता, असं मनात म्हटलं.

तेवढ्यात चाचांनी बोट वर केलं. "आलं," म्हणाले.

हेडफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं.

मी चाचीचं, भाईचं, सगळ्या गल्लीचं देणं एका वाक्यात फेडायला निघाले. म्हणाले, "बरोबर, चाचा. बघा, आलं की! चोविसावा होता तो. एवढं काही बिघडलेलं नाही तुमचं."

चाचांनी हेडफोन काढला आणि माझ्या टेबलावर जपून ठेवला. "तू काय बी लावलं न्हवतंस," ते म्हणाले. "मी तुझ्या हाताकडंच बघत हुतो. मुद्दाम उचललं बोट."

मी लॅपटॉप मिटला.

"ह्यांचं मी समजू शकतो. ह्यांना माझ्यासंगं एका घरात ऱ्हायाचंय, रोज माझं तोंड बघायचंय. तू वर्सातनं पंधरा दिस येतीस. तुला काय गरज पडली?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. "आता मला कुठवर ऐकू येतंय हे कुणाला इचारू, सांग."

ते उठले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेले. मला रडू आलं ते त्यानंतर, आणि ते थांबेना.

त्याच वर्षी आमच्या यंत्रावर सातवा आला. पडद्यावर त्याचा खांब स्पष्ट उभा राहिला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी बाहेर जाऊन मिरजेला फोन लावला. चाचीनं उचलला आणि चाचांच्या कानाला लावला. मी ओरडून म्हणाले, "चाचा, सातवा आला!"

"व्हय का? ब्येस झालं," ते म्हणाले.

मी थांबले. ते विचारतील, कसा आला, किती मोठा आला, चुंबक कुठले लावले. त्यांनी काहीच विचारलं नाही. मग मीच विचारलं, "तब्येत कशी हाय, चाचा?"

"माझं काय? लय झ्याक हाय. रोज दुकानात बसतो."

"जेवताय ना नीट?"

"जेवतो की. तू काळजी करू नगंस."

तीन आठवड्यांनी ते गेले. मी चाचीला भेटायला आले तेव्हा तिच्याकडून कळलं, मी फोन केला त्या दिवशी त्यांनी अंथरूण धरून दीड महिना झाला होता आणि पाण्याचा घोटही चमच्यानं द्यावा लागत होता.